'नाळे मीटिंग'वाला इन्चार्ज

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, इन्चार्ज झालो तेव्हा हाताखाली ३२ माणसं आली आणि पहिल्याच आठवड्यात मी जोशात चार गोष्टी ठरवून टाकल्या. पहाटे साडेपाचला चालायला जायचं, रोज अर्धा तास कन्नड वाचायचं, सकाळी ८ ला सगळ्यांची उभ्या उभ्या १० मिनिटं मीटिंग, आणि रिजेक्शनचं, म्हणजे खराब निघालेल्या मालाचं, रजिस्टर स्वतः बघायचं. तेही खानापूरहून रोज जाऊन-येऊन. आता माझं मलाच हसू येतं.

नऊ-दहा दिवस चाललं. मग महिनाअखेरचं डिस्पॅच आलं, त्यातच फर्नेसची, म्हणजे भट्टीची, कॉइल गेली आणि सगळंच बसलं. चालणं बंद पडलं त्याचं कुणाला काय पडलेलं नव्हतं, पण मीटिंगचं रोज "आज राहू दे, उद्या घेऊ" सुरू झालं. एक दिवस मोल्डिंगवरचा, म्हणजे वाळूचे साचे करणारा, एक पोरगा दुसऱ्याला म्हणताना ऐकलं, "चल की, नाळे मीटिंग हाय." नाळे म्हणजे कन्नडमधे उद्या. शॉपमधे माझ्या मीटिंगचं नावच पडलेलं! आधी राग आला, मग लाज वाटली, कारण वाळूची ओल दर बॅचला तपासा म्हणून ह्याच पोरांवर मी ओरडत होतो आणि तीपण उद्यावर गेलेली. कास्टिंगमधे, म्हणजे ओतलेल्या मालात, ब्लोहोल (हवेची भोकं) वाढले त्यात माझा वाटा होताच की.

नवीन इन्चार्ज झाला असाल तर माझी चूक बघून ठेवा, मी सगळं निवांत दिवस धरून ठरवलेलं आणि आपल्या कामात निवांत दिवस येतात कुठं. आता मी सगळ्यात वाईट दिवस धरतो. मीटिंग ३ मिनिटांची केली, काल काय बिघडलं, आज काय जाणार, कोण आलं नाही, बास. मी नसलो तर मोठे मिस्त्री घेतात. हे मला फार उशिरा सुचलं, तोपर्यंत मीच पाहिजे असं मला उगाच वाटायचं. रजिस्टरमधे रोज एकच आकडा स्वतःच्या हातानं लिहितो. चालणं सोडूनच दिलं, खोटं कशाला सांगू.

आणि २१ दिवसांत सवय लागते म्हणतात ना, ते डोक्यातनं काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सोबतच्यांनी ९६ जणांवर अभ्यास केलेला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही हेपण त्यातच दिसलं. मी मात्र एक दिवस चुकला की पुढचा आठवडा सोडून द्यायचो.

कन्नडचं जरा जास्त सांगतो, कारण आपल्याकडच्या मराठी इन्चार्जला ते लागतंच, सरकारी कागद कन्नडमधे येतात आणि निम्मी माणसं कन्नड बोलतात. बोलणं मला येत होतं, वाचणं नव्हतं. अक्षरं ४९, त्यात प, व, ष, म सगळी एकाच घरची वाटतात. मग अर्ध्या तासाचा नाद सोडून बसला जोडून टाकलं. खानापूर ते उद्यमबाग, समोरनं येणाऱ्या बसचे आणि दुकानांचे बोर्ड वाचायचे, देसूर, मच्छे, पिरनवाडी. गावं ओळखीची असल्यानं अक्षर चुकलं की लगेच कळतं. जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लटकतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात, त्यानं मला लय रडवलं. पाचेक महिन्यांनी आलेला एक कागद क्लार्कशिवाय वाचायला घेतला, अर्धाच कळला, पण कुठला अर्धा कळला नाही तेवढं तरी नीट विचारता आलं.

गेल्या जुलैत पावसानं बस अडकली, पोचायला सव्वाआठ झाले. मीटिंग उरकलेली. तोच मोल्डिंगवरचा पोरगा पुढं आला, तिन्ही गोष्टी घडाघडा सांगितल्या आणि जाता जाता म्हणतो, "सर, तुमची नाळे."