पुण्यातून व्हर्च्युअल असिस्टंट: आधी तासांचा हिशोब, मग लॅपटॉप

कॅलेंडर सांभाळणं, नेटका मेल लिहिणं, एक्सेलमध्ये याद्या जुळवणं एवढं तुम्हाला येतं असं धरून चाललेय. व्हीएचं, म्हणजे व्हर्च्युअल असिस्टंटचं काम (घरी बसून इतरांच्या ऑफिसची कामं करून देणं) काय असतं, हेही माहीत असेलच. धंदा गाळात जातो तो बहुधा भाव ठरवताना. म्हणून वेबसाइट, लोगो, व्हिजिटिंग कार्ड सगळं बाजूला ठेवा आणि आधी कागद-पेन घ्या.

महिन्याचे २२ दिवस, रोज ८ तास, म्हणजे विकायला १७६ तास आहेत हे गणित कागदावर फार गोड दिसतं. प्रत्यक्षात ११० विकले गेले तरी पुष्कळ. उरलेला वेळ नव्या ग्राहकाशी बोलण्यात, बिलं करण्यात, थकबाकी मागण्यात आणि ओटीपीची वाट बघण्यात जातो. समजा घरात महिन्याला ४०,००० यायला हवेत. इंटरनेट, दुसरं सिम, सॉफ्टवेअर, सीए, वीज आणि लॅपटॉपची झीज मिळून ७,०००. कर आणि रिकामा जाणारा महिना यासाठी ८,००० बाजूला. एकूण ५५,०००, भागिले ११०, म्हणजे तासाला ५०० रुपये. तुमचे आकडे वेगळे असतील, पण भागाकार ११० नेच करा. १७६ ने केलात तर भाव ३१३ येतो आणि तुटीतच दुकान उघडतं.

आता खरा सापळा. ग्राहक म्हणतो, "महिन्याला १५,००० घ्या आणि ऑफिसचं तेवढं बघा." वाक्य साधं आहे, माणूस सज्जन आहे, आणि तिथेच पाय घसरतो. "बघा" या शब्दाला तळ नाही. पहिल्या महिन्यात अपॉइंटमेंट १२ तास, मेल १० तास, बिलं ८ तास. झाले ३०, दर बरोबर ५००. तिसऱ्या महिन्यापर्यंत काय होतं बघा. सीएला द्यायची जीएसटीची माहिती गोळा करणं, ६ तास. व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांना उत्तरं, ९ तास. साहेबांच्या मुलाचा अ‍ॅडमिशनचा फॉर्म, २ तास. रविवारचे "एकच मिनिट हं" वाले फोन, ८ तास. म्हणजे ५५ तास, आणि दर २७३ वर. कोणी फसवलेलं नसतं. एकेक काम इतकं लहान असतं की त्यासाठी "नाही" म्हणणं कोतेपणाचं वाटतं, आणि करारात आकडाच नसल्यामुळे "नाही" कशाच्या आधारावर म्हणणार?

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. बोलणी ठरली की त्याच दिवशी मेलवर लिहा: महिन्याला ३० तास, कामं अमुक तीन, त्यापलीकडचा तास ६०० रुपये आणि तोही पाच तासांच्या आगाऊ पॅकमध्ये. क्लॉकिफायसारखा टायमर ठरीव रकमेच्या कामालाही लावा. ग्राहकाला दाखवायचा नसला तरी तुम्हाला कळायला हवं. सर्वांत लहान एकक १५ मिनिटं ठेवा. सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकून त्यातून कामांची यादी काढणं हे कामच आहे, एक एकक मोजा. २४ तास झाले की कळवा: "३० पैकी २४ संपले, उरलेल्या सहा तासांत आधी काय करू?" हा एक निरोप महिनाअखेरचं भांडण वाचवतो. नव्या व्हीएला तो पाठवताना पोटात गोळा येतो. येऊ दे. ग्राहकाला राग येत नाही. त्याला कामांचा क्रम लावायला मदतच होते. ज्याला राग येतो, तो चौथ्या महिन्यात पैसेही बुडवणार असतो.

उरलेल्या तासांचाही निकाल आधीच लावा. "या महिन्यात २० च वापरले, १० पुढे घ्या" हे ऐकायला न्याय्य वाटतं. तीन ग्राहकांनी असे दहा-दहा तास साठवले आणि ते सगळे दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत मागितले, तर एका महिन्यात ३० तास जास्तीचे आणि त्यांचे पैसे केव्हाच खर्च झालेले. एक तर पुढे नेऊच नका, किंवा पाच तासांपर्यंत आणि फक्त पुढच्याच महिन्यात. आणखी एक ओळ विसरली जाते. चार तासांत उत्तर देणं वेगळं, चार तासांत काम पूर्ण करणं वेगळं. करारात "चार तासांत प्रतिसाद" एवढंच लिहिलंत, तर ग्राहक त्याचा अर्थ "काम पूर्ण" असाच लावेल.

ग्राहक कुठून आणायचे? आपवर्क या फ्रीलान्स कामांच्या साइटवर अर्ज करायलाही कनेक्ट्स, म्हणजे अर्जाची टोकनं, विकत घ्यावी लागतात, आणि एकेका कामावर अर्जांची रांग असते. सुरुवात गावातूनच करा. भोसरी-चाकणचे लहान कारखानदार, पेठांतले दवाखाने, क्लासवाले, कर सल्लागार यांच्याकडे अर्धवेळाचं काम असतं आणि पूर्णवेळ माणूस परवडत नाही. त्यांना "व्हर्च्युअल असिस्टंट" म्हणून काही विकू नका, शब्द ऐकूनच गांगरतात. "दर महिन्याच्या ८ तारखेला तुमची सगळी विक्री बिलं लावून सीएकडे जातील" असं सांगा. जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र) ची तारीख सर्वसाधारणपणे ११ आणि ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) ची २० असते. ८ तारखेचं महत्त्व त्यांना समजावावं लागत नाही. मराठीत नीट, अदबीने निरोप लिहिता येणं हाही इथे विकायचा माल आहे, आणि परदेशातल्या कोणाशी त्यात स्पर्धा नाही.

पैसे महिन्याच्या १ तारखेला, आगाऊ. "बघू पुढच्या आठवड्यात" ही पुणेरी पद्धत काम करून झाल्यावर ऐकण्यापेक्षा सुरू करण्याआधी ऐकलेली बरी. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे ठेवता येत नाहीत. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापला की बऱ्याच कंपन्यांचा अकाउंट्स विभाग तुमचं बिल ढिगाच्या वर आणतो.

बाकी कागदपत्रं थोडक्यात. बँका चालू खात्यासाठी बहुधा दुकान-आस्थापना नोंदणी, म्हणजे शॉप अ‍ॅक्ट मागतात. मोजकीच माणसं असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. व्यवसाय कराचं पीटीईसी (स्वतःच्या व्यवसायाची नोंदणी) वर्षाला २,५००. जीएसटी सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीनंतर सक्तीचा, आणि परदेशी कमाईही त्या बेरजेत धरतात. नोंदणी झालीच तर परदेशी बिलांवर कर न लावण्यासाठी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, दर आर्थिक वर्षाला नव्याने भरावं लागतं. एप्रिलमध्ये हेच हमखास राहून जातं. बाहेरून आलेल्या प्रत्येक रकमेचा पर्पज कोड (पैसे कशासाठी आले याचा संकेतांक) आणि बँकेचं प्रमाणपत्र जपून ठेवा. पेपॅल सोपं आहे, पण शुल्क आणि विनिमय दरातली कपात मिळून मोठा घास घेतं. तो बिलातच धरा.

परदेशी ग्राहक घेताना घड्याळ समोर ठेवा. आपल्या दुकानांच्या १ ते ४ च्या वामकुक्षीत लंडन उघडतं: तिथले सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. संसार सांभाळून करायला ही वेळ सर्वांत बरी. न्यूयॉर्कचे ९ म्हणजे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. सिडनीसाठी पहाटे साडेतीन-साडेचारला उठावं लागतं, त्या फंदात न पडलेलं चांगलं. आणि घोळ इथे होतो: अमेरिका घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत तुमच्या दोन ग्राहकांच्या मीटिंगा एकमेकींवर चढतात. मीटिंग नेहमी ग्राहकाच्या शहराच्या वेळेनुसार कॅलेंडरमध्ये टाका, पाच तास मिळवून हाताने लिहू नका.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुणेकरांना सांगायला नको, तरी नवखे लोक गुरुवारी दुपारीच मीटिंग ठेवतात. राउटरला लहान १२ व्होल्टचा यूपीएस लावा, घेण्यापूर्वी राउटरच्या अडॅप्टरवरचे अँपिअर वाचा. हॉटस्पॉटचं सिम ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं हवं. एकाच कंपनीचं असलं तर दोन्ही एकदमच बसतात.

पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊ नका. जीमेलमध्ये मालकाला सेटिंगमधून तुम्हाला प्रतिनिधी म्हणून जोडता येतं, पासवर्ड न देता. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा वापरकर्ता उघडून मागा. बाकीचे पासवर्ड बिटवॉर्डनसारख्या पासवर्डच्या तिजोरीतून घ्या. बँकेत फक्त बघण्यापुरता प्रवेश असेल तर घ्या, पैसे पाठवण्याचा अधिकार कितीही विश्वासाने दिला तरी नको. आणि ग्राहकाचे पैसे स्वतःच्या खात्यातून फिरवणं कधीही नाही, "माझ्या व्हेंडरला तुमच्या खात्यातून द्या" म्हटलं तरी नाही. ती रक्कम फसवणुकीची निघाली तर गोठतं ते तुमचं खातं, आणि मग महिनोन्‌महिने चौकीच्या पायऱ्या.

डेटा एंट्रीची जाहिरात, ऑनलाइन सही, मग "अचूकता ९० टक्क्यांखाली आली, करारभंगाचे पैसे भरा" अशी वकिलाच्या नावाची धमकी: हा जुना धंदा अजून जोरात आहे. पैसे भरू नका, घाबरू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. काम देणारा काम देण्याआधी पैसे मागत असेल, तर तो काम देणारा नव्हेच.

याच रांगेत मी ते महागडे "व्हीए मास्टरक्लास" बसवते. प्रमाणपत्र कोणी ग्राहक मागत नाही. तो विचारतो, माझ्यासारख्या कोणाचं काम केलंय का? गुरू हवाच असेल तर तीस वर्षं एखाद्या साहेबांची सेक्रेटरी राहिलेल्या निवृत्त बाई शोधा. कोणता फोन जोडायचा आणि कोणता "मीटिंगमध्ये आहेत" म्हणून परतवायचा, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. एआयकडून मेलचा मसुदा घ्यायला हरकत नाही, पण ग्राहकांची यादी, पगारपत्रक, रुग्णांची नावं त्यात टाकायची नाहीत.

महिन्याला ९० तास विकले जाणं सलग दोन महिने झालं की दुसरी व्यक्ती घ्यायचा विचार करा, त्याआधी नको. गणित असं: तिचे २० तास तुम्ही ५०० ने विकले, १०,०००. तिला ३०० ने दिले, ६,०००. तपासायला तुमचे ४ तास, म्हणजे २,०००. उरले २,०००. पहिल्या महिन्यात तपासायला आठ तास लागतात आणि हातात शून्य उरतं. हे गृहीत धरलं असलं की निराशा होत नाही. तिला महिन्याचा ठोक पगार देऊन ग्राहकाला तास विकू नका, आणि उलटंही नको. दोन्हीकडे तासच.

सोपवायचं काम आधी पायऱ्यांनी लिहून काढा: कुठली फाइल उघडायची, नाव कसं द्यायचं, कुठे थांबून विचारायचं. तो कागद घरातल्या कोणाला देऊन बघा. एकदाही हाक न मारता काम झालं तर कागद तयार आहे. तिला तुमचं लॉगिन न देता वेगळं लॉगिन मागून घ्या, आणि ती ग्राहकाच्या फाइलला हात लावण्याआधी तिचं नाव ग्राहकाला लेखी कळवा.