व्होल्टेज आणि विद्युतधारा मोजून रोध व शक्ती कशी काढावी

कोल्हापुरात मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीतील घरातून गिझरचे पाणी पुरेसे तापत नाही अशी तक्रार आली, की बहुतेक वेळा थेट नवी कॉइल आणण्याची तयारी सुरू होते. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे, की कॉइल विकत घेण्यापूर्वी गिझर चालू असताना त्याच्या टोकांवरचे व्होल्टेज आणि त्यातून वाहणारी धारा हे दोन आकडे मोजावेत. दोष कॉइलमध्ये आहे की वायरिंगमध्ये, हे त्यांवरून आणि मेन बोर्डवरच्या व्होल्टेजशी तुलना करून कळते.

जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमावरून रोध काढण्यासाठी व्होल्टला ॲम्पियरने भागावे. उत्तर ओहममध्ये येते. शक्तीसाठी त्याच दोन आकड्यांचा गुणाकार करावा. उत्तर वॅटमध्ये येते. धारा मिलिॲम्पियरमध्ये मोजली असेल, तर आधी १००० ने भागून तिचे ॲम्पियर करून घ्यावेत.

गणित सोपे आहे, चुका होतात त्या मोजताना. दोन्ही मोजमापे एकाच वेळी, उपकरण चालू असतानाच घ्यावीत, कारण भार नसताना दिसणारे व्होल्टेज भार पडताच खाली येते. धारा मोजताना क्लॅम्प मीटरच्या (वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून धारा मोजणाऱ्या मीटरच्या) जबड्यात फेज आणि न्यूट्रल यांपैकी एकच वायर घ्यावी. दोन्ही एकत्र घेतल्यास त्यांचे परिणाम परस्परांना छेदतात आणि मीटर शून्य दाखवतो. मल्टिमीटरची वायर ॲम्पियरच्या खाचेत ठेवून तो सॉकेटला लावल्यास शॉर्टसर्किट होते, आणि ओहमच्या खुणेवरचा मीटर चालू वीजवाहिनीला कधीही लावू नये. गिझरचे झाकण उघडून टोकांवर मोजण्याचे काम तर जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

आता एक उदाहरण पाहू. गिझरवर २३० व्होल्ट, २००० वॅट असे छापलेले आहे. मेन बोर्डवर २२८ व्होल्ट, गिझरच्या टोकांवर २१९ व्होल्ट आणि धारा ८.३ ॲम्पियर अशी मोजमापे मिळाली. २१९ ला ८.३ ने भागल्यास कॉइलचा रोध सुमारे २६.४ ओहम येतो. छापलेल्या आकड्यांवरूनही तो पडताळता येतो: २००० ला २३० ने भागले की ८.७ ॲम्पियर, आणि २३० ला ८.७ ने भागले की पुन्हा २६.४ ओहम. म्हणजे कॉइल ठणठणीत आहे. मात्र गिझर घेत असलेली शक्ती २१९ गुणिले ८.३, म्हणजे सुमारे १८१८ वॅट इतकीच आहे.

मेन बोर्ड आणि गिझर यांच्या मधले ९ व्होल्ट वाटेतच संपत आहेत. त्या वाटेचा रोध ९ भागिले ८.३, म्हणजे सुमारे १.०८ ओहम, आणि तिथे उष्णता होऊन जाणारी शक्ती ९ गुणिले ८.३, म्हणजे सुमारे ७५ वॅट. एक ओहम हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो, पण ही उष्णता लांब वायरभर पसरण्याऐवजी एखाद्या सैल जोडात किंवा काळवंडलेल्या स्विचमध्ये एकवटली, तर प्लॅस्टिक वितळते, आणि लाकडी तुळयांच्या वाड्यात आगीचा धोका संभवतो. म्हणून इथे पाणी न तापण्याच्या तक्रारीपेक्षा हे ७५ वॅट मला अधिक गंभीर वाटतात. जोड घट्ट करून पुन्हा मोजल्यावर टोकांवर २२६ व्होल्ट आणि ८.६ ॲम्पियर मिळाले, तर वाटेचा रोध केवळ ०.२३ ओहम उरतो, आणि तेवढा वायरचा स्वतःचाच असू शकतो.

पुरवठाच कमी दाबाने येत असेल, तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. याच गिझरला १९० व्होल्ट मिळाले, तर १९० चा वर्ग भागिले २६.४, म्हणजे सुमारे १३६७ वॅट. व्होल्टेज जेमतेम १७ टक्क्यांनी उतरले, तरी शक्ती जवळपास ३२ टक्क्यांनी घटते. कॉइलच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणूनच हा हिशेब जुळतो. जुन्या पिवळ्या बल्बमधल्या टंगस्टन धातूच्या तारेचे तसे नाही. १०० वॅटच्या पेटलेल्या बल्बचा रोध ५२९ ओहम असतो, पण तोच बल्ब थंड असताना मल्टिमीटरवर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी रोध दाखवतो.

उद्यमनगरातील लेथच्या किंवा पंचगंगेकाठी उसाला पाणी पाजणाऱ्या पंपाच्या मोटरला मात्र हे नियम जसेच्या तसे लावू नयेत. चालू मोटरचे व्होल्ट भागिले ॲम्पियर म्हणजे वाइंडिंगचा (आतील तारेच्या वेटोळ्यांचा) रोध नव्हे, कारण फिरणारी मोटर स्वतःही विरुद्ध दिशेने व्होल्टेज निर्माण करते. शक्ती काढतानाही पॉवर फॅक्टरने (व्होल्ट-ॲम्पियरच्या गुणाकाराचा किती भाग खरी शक्ती आहे, हे सांगणाऱ्या आकड्याने) गुणावे लागते, आणि थ्री-फेजसाठी १.७३२ नेसुद्धा. ४१५ व्होल्ट, ७.५ ॲम्पियर आणि ०.८५ पॉवर फॅक्टर असेल, तर मोटर सुमारे ४५८० वॅट घेते. पाच हॉर्सपॉवरचे ३७३० वॅट हे शाफ्टवर मिळणारे काम आहे. उरलेले ८५० वॅट मुख्यतः वाइंडिंग, लोखंडी गाभा आणि बेअरिंग यांत उष्णता होऊन जातात.