कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो: पाना लावण्यापूर्वी काय पाहावे

जुन्या पेट्रोल जीपच्या, पद्मिनीच्या किंवा ॲम्बेसेडरच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल सांडू लागले की बहुतेक ठिकाणी उपाय ठरलेला असतो. बाजारातून रिपेअर किट आणायचे, कार्बोरेटर उतरवून धुवायचा, नवे पॅकिंग टाकून परत बसवायचा. यातून कधी गुण येतो, पण पुष्कळदा आठ दिवसांत तोच वास आणि तेच ओले प्लग पुन्हा समोर येतात. माझ्या जीपला मी एका पावसाळ्यात अशी दोन किट बसवली. शेवटी बेळगावजवळच्या जांबोटीच्या वाटेवरील एका म्हाताऱ्या फिटरने बॉनेटला हातही न लावता, "टाकीचं झाकण काढून बगून घे की रे आधी," असे सांगितले. झाकण सैल करताच सायकलच्या ट्यूबसारखा फुस्स आवाज आला. झाकणातील श्वासाचे भोक कुंभारमाशीने मातीने लिंपून टाकले होते. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाने टाकी तापली की आतील वाफ पेट्रोलला पुढे रेटत होती आणि निडल व्हॉल्व्ह, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येण्याची वाट बंद करणारी सुईसारखी झडप, नवा असूनही, तो रेटा थोपवू शकत नव्हता.

म्हणून पहिली तपासणी डोळ्यांनी आणि घड्याळाने करावी. पेट्रोल नेमके केव्हा सांडते, यावरूनच दोषाची निम्मी उकल होते. गाडी रात्रभर उभी असताना सांडत असेल, तर संशय टाकीवर घ्यावा. जुन्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, म्हणजे कार्बोरेटरपेक्षा खाली असते, त्यामुळे सपाट जागी पंप बंद असताना पेट्रोल आपोआप वर चढण्याचे कारण नाही. चढत असेल तर टाकीत दाब साठतो आहे, किंवा गाडी नाक खाली करून उतारावर उभी केलेली आहे. इंजिन चालू असताना सतत सांडत असेल, तर निडल व्हॉल्व्ह, फ्लोट (पेट्रोलची पातळी वाढली की वर चढून निडल बंद करणारा तरंगता डबा) किंवा पंपाचा दाब यांपैकी काहीतरी बिघडले आहे. चोर्ला घाट चढून आल्यावर गाडी बंद केली आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होईना, तर बहुधा फ्लोट चेंबरमधील (फ्लोट ज्यात तरंगतो त्या वाटीतील) पेट्रोल उष्णतेने उकळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीत, उतरले आहे. अशा वेळी निडल बदलून काहीही हाती लागत नाही.

आणखी एक गल्लत येथे मिटवावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे गोव्याच्या किनाऱ्यावर ट्यून केलेली गाडी इकडे आणली की हवा विरळ असल्याने मिश्रण किंचित घट्ट होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते, आणि प्लगवर कोरडी काजळी धरते. हा ओव्हरफ्लो नव्हे. ओव्हरफ्लोमध्ये प्लग काळा असतो आणि ओलाही असतो, आणि बोटाला पेट्रोलचा वास लागतो.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, वाळूची बादली किंवा अग्निशामक हाताशी ठेवावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरते, म्हणून काम शेडच्या बाहेर करावे आणि तारेच्या टोकाला लोंबणारा उघडा बल्ब वापरू नये. पेट्रोल खूप सांडले असेल तर स्टार्टर मारण्याआधी सर्व प्लग काढावेत. सिलिंडरमध्ये द्रव साठला असताना इंजिन फिरवले तर तो दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ऑइलची पट्टी काढून वास घ्यावा. ऑइलची पातळी वाढलेली आणि वास पेट्रोलचा असेल, तर ते ऑइल टाकून द्यावे लागेल. मात्र यात एक फसवी शक्यता असते: मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटला तरी पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरते आणि दोष कार्बोरेटरच्या माथी बसतो.

आता एअर क्लीनर काढावा आणि पंपाचा हातदांडा असल्यास तो हलवून फ्लोट चेंबर भरावा. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य नळीच्या तोंडातून ते झिरपताना दिसले, तर आतील पातळी जास्त आहे हे नक्की. एसयू या बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये ते फ्लोट चेंबरच्या ओव्हरफ्लो नळीतून बाहेर येते. तेथे चोकची केबल अडकून जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) खालीच राहिला आहे का, हेही पाहावे, कारण त्यानेही प्लग ओले होतात.

फ्लोट चेंबरचे झाकण उघडल्यावर तळाकडे नीट पाहावे. तांबूस गाळ असेल तर तो टाकीचा गंज असतो, काळे कण असतील तर रबरी नळी आतून सुटते आहे. या दुसऱ्या गोष्टीचा संबंध आपल्याच शिवारांशी आहे. बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी, अथणी, रायबाग या उसाच्या पट्ट्यातील कारखाने इथेनॉल बनवतात आणि आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असते. जुन्या गाड्यांची रबरी नळी, पॅकिंग आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नव्हते. इथेनॉल जुने रबर फुगवते, टाकीतील वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवून पुढे ढकलते आणि हवेतील पाणीही शोषते. खानापूरकडच्या पावसात जूनपासून सप्टेंबरपर्यंत उभी राहिलेली गाडी बाहेर काढली की यातलाच एखादा कण निडलच्या टोकावर अडकतो आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात, टाकी आणि पंपाच्या मध्ये साधा पारदर्शक फिल्टर लावावा, आणि गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर फ्लोट चेंबर रिकामे करावे.

निडल काढून तिच्या निमुळत्या टोकावरून नख फिरवावे. नख अडले, तर सीटवर (निडल जिच्यावर टेकते त्या बैठकीवर) आपटून आपटून तेथे गोल खाच पडली आहे, आणि मग निडल व सीट जोडीनेच बदलावेत. जुन्या सीटवर नवी निडल बसवणे मला पैशाचा आणि वेळेचा अपव्यय वाटतो. पॉलिश पेपरने टोक घासण्याचा मोहही आवरावा, कारण त्याने कोन बिघडतो. तपासणीसाठी झाकण उलटे धरावे, म्हणजे फ्लोटच्या वजनाने निडल बंद होते, आणि पेट्रोलच्या नळीला रबरी फुगा लावून हलका दाब द्यावा. फुगा काही क्षण घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह ठीक आहे. हे काम तोंडाने करण्याची जुनी सवय सोडावी.

पितळी फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत डुबुक असा आवाज आला तर त्यात पेट्रोल शिरले आहे, तो जड झाला आहे आणि निडलवर पुरेसा रेटा देत नाही. आवाज नसला तरी तो गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून धरावा. आतील हवा प्रसरण पावून जेथून बुडबुडे निघतात, तेथे चीर असते. नवा फ्लोट मिळत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बारीक भोक पाडून आतील पेट्रोल काढावे आणि फ्लोट गरम पाण्यात वारंवार बुडवून, नंतर वाऱ्यावर ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत वाळवावा. मगच इलेक्ट्रिक सोल्डरिंगने आधी चीर झाळावी. ज्योत जवळ आणू नये. पाडलेले भोक शेवटी, फ्लोट थंड झाल्यावर, एका चटक्यात बंद करावे, नाहीतर तापलेली हवा बाहेर येताना सोल्डर उडवते. सोल्डर अगदी थोडे वापरावे. फ्लोट जड झाला की पेट्रोलची पातळी वर सरकते आणि ज्यासाठी हा खटाटोप केला तोच दोष नव्याने तयार होतो.

पातळी लावण्याची रीत प्रत्येक कार्बोरेटरची वेगळी आहे. पद्मिनीसारख्या गाड्यांच्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये निडल व्हॉल्व्हच्या सीटखालील वायसरची जाडी पातळी ठरवते. वायसर जाड घातला की व्हॉल्व्ह खाली येतो, लवकर बंद होतो आणि पातळी उतरते. किटमधील वायसर जुन्याइतकाच जाड आहे का, हे कोणी मोजून पाहत नाही आणि तेथेच घोटाळा होतो. पितळी फ्लोटची पट्टी वाकवून पातळी लावायची असल्यास फ्लोट निडलवर दाबून वाकवू नये. पट्टी वेगळी धरावी.

इंजिनात बदल केलेल्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. जुना पंप काढून काही जण इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप बसवतात. तो पंप ४० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे माप) आसपास किंवा त्याहून जास्त दाब देतो, तर या जुन्या कार्बोरेटरांना सुमारे ३ पीएसआय पुरेसे असतात. अमेरिकी व्ही-८ इंजिनांवरील मोठ्या हॉली कार्बोरेटरलाही ५ ते ७ पीएसआयच लागतात. टी-जोड लावून कमी क्षमतेच्या गेजवर दाब मोजावा; बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक्सचे काम चालत असल्याने गेज आणि जोड शोधायला फार फिरावे लागत नाही. मेकॅनिकल पंप बदलला असेल, तर त्याच्या खालचे जाड बेकेलाइटचे पॅकिंग परत बसवले आहे का तेही पाहावे, कारण ते गाळल्यास दाब वाढतो. घाटानंतर उकळणाऱ्या पेट्रोलवरही उपाय पॅकिंगचाच आहे: कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधला उष्णतारोधक तुकडा जागेवर हवा आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर हवी. तोवर गाडी सुरू करताना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा, तो पुन्हा पुन्हा दाबू-सोडू नये, चोक ओढू नये आणि स्टार्टर दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये.

सर्व बसवल्यावर ऑइल बदलावे, कार्बोरेटरखाली जमिनीवर कोरडे वर्तमानपत्र पसरावे आणि एअर क्लीनर न लावता दहा मिनिटे इंजिन चालवून नळीच्या तोंडाकडे लक्ष ठेवावे. मग गाडी तापेपर्यंत फिरवून आणावी, बंद करावी, पाव तासाने पुन्हा आत पाहावे. रात्री टाकी भरलेली ठेवून सकाळी ते वर्तमानपत्र उचलावे. त्यावर डाग नसेल, तरच एअर क्लीनर लावावा.