शाईतलं अ‍ॅबस्ट्रॅक्ट: झाड आणि पाइप एकाच चित्रात आणताना या चुका टाळा

वडाच्या पारंब्या आणि विजेच्या वायरी, बांबूची पेरं आणि नळाचे जॉइंट, असं निसर्गातलं आणि माणसानं बनवलेलं शाईनं एकाच चित्रात मिसळायला मला फार आवडतं. पण नवीन लोकांच्या कामात एक चूक हमखास दिसते, अर्ध्या कागदावर झाड, अर्ध्यावर मशीन आणि मधे चिकटवल्यासारखी सीमा. अहो, सगळी गंमत त्या जोडातच आहे, तिथेच जास्त वेळ द्या!

खरा बांबू हातात घेऊन बघा. पेराशी दोन कडा असतात, एक धारदार आणि तिच्या जरा वर एक गोलसर फुगवटा. लोखंडी पाइपचं सॉकेटही जोडाशी असंच जाड होतं. मग पहिली दोन-तीन पेरं सरळ बांबूची काढा, चौथ्याला फुगवटा थोडा सपाट करा, पाचव्यावर आटे दाखवा, आणि हॅचिंगची (छटेसाठी जवळजवळ मारलेल्या रेघांची) गोलाई मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच ठेवा, म्हणजे बांबू नेमका कुठे संपला ते बघणाऱ्याला बोट ठेवून सांगता येणार नाही.

पाइपला पट्टी आणि फांदीला मोकळा हात, हे टाळा. दोन वेगळ्या माणसांनी काढल्यासारखं दिसतं. सगळीकडे 0.5 मिमी टोकाचं एकच पेनही नको, बाहेरच्या कडेला 0.8, आत 0.3, लांबच्या गोष्टींना 0.1 वापरा.

कागद गच्च भरायचा मोह होतो, मला कळतं. पण चित्रकार प्रभाकर बरवे (1936–1995) यांची चित्रं बघा, ओळखीच्या साध्या वस्तू आणि त्यांच्याभोवती किती मोकळी जागा, आणि ती जागासुद्धा चित्राचंच काम करते.

आता सामानाच्या कटकटी. वॉश, म्हणजे ब्रशनं पाणी घातलेल्या शाईचा पातळ हात, दिला की रेषा पसरतात? शाई वॉटरप्रूफ नाही. आधी रद्दी कागदावर रेघ मारून, वाळू देऊन, वरून ओला ब्रश फिरवून बघा. पण लाखेची वॉटरप्रूफ इंडियन इंक फाउंटन पेनात भरू नका, आत सुकली की पेन जाम होतं. ती टाकासाठीच (शाईत बुडवून वापरायच्या पेनासाठी) ठेवा आणि काम झालं की निब लगेच धुवा. रेघेला केसासारखे फाटे फुटत असतील तर कागद बदला, 70-80 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) झेरॉक्सचा कागद शाई पितो, 200 च्या वरचा गुळगुळीत घ्या. खरबरीत कागदात निब अडकते आणि शिंतोडे उडतात. पेन्सिल खोडायची घाई नको, शाई पूर्ण वाळल्यावर आणि हलक्या हातानं, जोरात घासलं तर काळा रंगही फिका पडतो.

आणि थेंब पडलाच तर पुसू नका. टिश्यूचं टोक नुसतं टेकवा, जेवढी शाई वर येईल तेवढी येऊ द्या, वाळल्यावर डागाचा आकार नीट बघा. फांदीवर असेल तर गाठ करा, पाइपवर असेल तर गंजलेला भाग.