ट्रेलरच्या मागच्या बंपरवर सायकली: माझा अनुभव

अमेरिकेतल्या बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलरसारखाच (गाडीमागे ओढत न्यायची चाकांवरची घरं) आमचाही मागचा बंपर, म्हणजे 4 इंची चौकोनी पोकळ नळी. आत सांडपाण्याचा पाइप ठेवायचा. दिसायला दणकट, पण पत्रा पातळ. सायकलींचा रॅक मागे झुकल्यासारखा वाटला म्हणून खाली वाकून टॉर्च मारला, तर चेसिसला जोडलेल्या वेल्डच्या कडेने गंजाची बारीक रेघ. अशी रेघ दिसली तर नुसता रंग उडालाय म्हणून सोडू नका, तिथे चीर गेलेली असू शकते.

कारण सायकलींचं वजन शांत बसत नाही. ट्रेलरचं मागचं टोक चाकांपासून लांब, खड्ड्यात ते जोरात उसळतं आणि रॅक बंपरला पिळत राहतो.

वेल्डरकडून ते जोड घासून पुन्हा भरून घेतले, पण बंपरवर भार ठेवलाच नाही. चेसिसच्या दोन्ही मुख्य बीमना बोल्ट मारून 2 इंची रिसीव्हर, म्हणजे रॅक अडकवायची चौकोनी खोबण, बसवला. रॅकही ट्रेलरवर चालेल असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलाच घेतला. साध्या गाडीचा रॅक इथे नको. जड ई-बाइक ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकमध्ये गेल्या.

आणखी एक, आणि हे खरंच जिवाशी खेळ आहे: मागे वजन वाढलं की पुढे हिचवरचं, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या सांध्यावरचं, वजन घटतं. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हवं, नाहीतर वेगात ट्रेलर डोलू लागतो. सामान भरून काट्यावर तपासलं, खुर्च्या आणि हत्यारं पुढच्या कप्प्यात हलवली. सायकलींआड जाणारी नंबरप्लेट बाजूला सरकवली.