युजरचा डेटा 'जपायचा' कसा? नवीन ॲप काढणाऱ्यांसाठी गाईड

ॲप काढताय ना, मग कोडबिड नंतर, आधी होमपेजवर मोठ्ठ्या अक्षरात टाका, "तुमची प्रायव्हसी आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची". मग ॲप फुकट द्यायचं आणि कॉन्टॅक्ट, फोटो, माईक सगळ्याची परमिशन मागायची, आवळा देऊन कोहळा. टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला हवेत असं विचारणारा एखादाच निघतो, बाकीचे लाईट गेलेले असतात म्हणून अलाऊ दाबून मोकळे होतात.

आता सेटिंग. बंद करायचं बटण द्यायचंच, नाहीतर लोक बोंब मारतात, फक्त खरं बटण दुसरीकडे ठेवायचं. यात गूगलचा हात धरणारं कुणी नाही. लोक लोकेशन हिस्टरी बंद करून निवांत झाले, पण 'वेब अँड ॲप अ‍ॅक्टिव्हिटी' नावाचं दुसरंच सेटिंग आधीपासून चालू होतं आणि कोण कुठे फिरतंय ते तिथे आरामात साठत होतं. नावावरून कुणाला वाटेल का हो की हे आपण कुठे गेलो ते लिहून ठेवतंय? 2018 ला एपी वृत्तसंस्थेने भांडं फोडलं, 2022 ला गूगलने अमेरिकेतल्या 40 राज्यांना 39 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

फोन नंबर हवा असेल तर जाहिरातीचं नाव काढू नका, "अकाउंटच्या सुरक्षेसाठी" म्हणा. ट्विटरने असेच नंबर आणि ईमेल घेतले आणि वापरले जाहिरातींसाठी, 2022 ला 15 कोटी डॉलर भरावे लागले. असो.

डेटा फुटला तर? उबरचं बघून शिकू नका. 2016 ला 5.7 कोटी लोकांची माहिती गेली, हॅकर्सना 1 लाख डॉलर देऊन गप्प केलं आणि ते खपवलं काय म्हणून, तर बग शोधल्याचं बक्षीस! पुढे वर्षभराने फुटलंच आणि सिक्युरिटीचा साहेब कोर्टात दोषी ठरला. त्यापेक्षा फेसबुकसारखं करा. 2021 ला 53 कोटी लोकांची माहिती फोन नंबरांसकट नेटवर फुकट पडलेली सापडली तेव्हा कंपनी म्हणाली, हा डेटा जुना आहे, ते भोक आम्ही 2019 लाच बुजवलंय. वा! आता माणूस काय दर दिवाळीला नंबर बदलतो? आणि जन्मतारीख, ती पण जुनी झाली का? ज्यांचं गेलं त्यांना एकेकट्याला कळवायच्या भानगडीतही पडले नाहीत.

राहिला दंड. तो लाईटबिलासारखा खर्चात धरायचा. फेसबुकने त्याआधीच्या प्रायव्हसीच्या दुसऱ्या एका प्रकरणात दंड होणार म्हणून एप्रिल 2019 मध्येच 300 कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले होते, जुलैत 500 कोटींवर मिटणार अशी बातमी आली, आपले डोळे पांढरे झाले आणि त्या दिवशी त्यांचा शेअर वर गेला. तेव्हा सीएला आत्ताच सांगा, दंडाचं खातं वेगळं काढून ठेव म्हणावं.