पाणी वापर संस्थेचं काम हाती घेताय? आधी पट्टीचा शून्य बघा

पाणी वापर संस्था म्हणजे कालव्याचं पाणी आपसात वाटून घेणारी शेतकऱ्यांची संस्था. आमच्या संस्थेकडे मायनर, म्हणजे कालव्याचा छोटा फाटा, येऊन सहा वर्षं झाली, तरी रब्बीचं पहिलं आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) सुटायच्या आदल्या रात्री मला अजून झोप लागत नाही. शेतकऱ्यांच्या हाती सिंचन देणारा 2005 चा कायदा, पाणी हक्क, शेजपाळी (शेतांना ओळीने पाणी देणं) हे सगळं नव्या सचिवाला ठाऊक असतंच, म्हणून ते सोडतो. मला जे भोवलं तेवढंच सांगतो.

मायनरच्या तोंडाशी फ्लूम, म्हणजे पाणी मोजायची पक्की अरुंद नाली, असतो आणि त्याच्या भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी. पट्टी वाचायची, तक्त्यात विसर्ग (सेकंदाला किती पाणी जातं ते) बघायचा, त्यावरून घनमीटर आणि त्यावरून पाणीपट्टी. मायनर ताब्यात घेताना पाटबंधारे खात्याबरोबर केलेल्या संयुक्त पाहणीत आम्ही चारी कुठे फुटलीय, गेट फिरतं का, सगळं पाहिलं. पट्टीकडे मात्र मी ढुंकूनही पाहिलं नाही आणि सही केली.

पट्टीचा शून्य फ्लूमच्या उंबऱ्याच्या, म्हणजे ज्या तळावरून पाणी मोजतात त्याच्या, पातळीत हवा. आमचा दोन सेंटिमीटर खाली होता. उंबऱ्यावरून 20 सेंटिमीटर पाणी चाललं की पट्टीवर 22 दिसायचं. दोन सेंटिमीटरने काय होतंय, असं वाटेल. पण फ्लूममध्ये विसर्ग खोलीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, दीडाव्या घाताने वाढतो. त्यामुळे 20 च्या जागी 22 वाचलं की पाणी 15 टक्क्यांनी जास्त दिसतं. एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) पाणी चोवीस तास चाललं तर साधारण 2,447 घनमीटर होतात. त्याचे 15 टक्के म्हणजे रोज साडेतीनशेहून जास्त घनमीटर! कुणाच्याही वाफ्यात न गेलेलं हे पाणी आमच्या कोट्यातून मात्र वजा होत राहिलं. शेवटच्या पाळीला कोटा संपला आणि टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या, अकरा जणांचा हरभरा ऐन घाटे भरताना वाळला. त्यांच्या बांधावर जायचं तोंड मला महिनाभर नव्हतं.

तपासायला इंजिनिअर लागत नाही. चारी कोरडी असताना गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, एक टोक उंबऱ्यावर धरा, दुसरं पट्टीच्या शून्याशी. दहा मिनिटांचं काम आहे, दर आवर्तनाआधी करा. फ्लूमच्या खालच्या अंगाचं गवत आणि गाळही काढा, कारण तिथे पाणी तुंबलं तरी पट्टी चढते आणि तक्ता खोटा पडतो.

पैसे घेऊन संस्थेची कागदपत्रं ‘करून देणारे’ भेटतील. त्यांना दारात उभं करू नका. ठराव स्वतः लिहा, चुकला तर चुकू द्या. नाशिक जिल्ह्यात ओझरला वाघाड धरणाच्या पाण्यावरच्या पाणी वापर संस्था बघायला जाणार असाल तर बसने जाऊन संध्याकाळी परत येऊ नका, आवर्तन चालू असताना दोन रात्री तिथे राहा. आणि गावातल्या निवृत्त पाटकऱ्याला (कालव्याचं पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला) गुरू करा. कुठला आउटलेट (शेताकडे पाणी सोडायचं तोंड) रात्री गळतो हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

घाबरू नका, चूक दुरुस्त होते. आम्ही पंचनामा करून घेतला, पट्टी नव्याने बसवली आणि पुढच्या हंगामात पाणी टेलला पुरलं. झालेलं नुकसान मात्र कुणी भरून दिलं नाही, तशी आशाही धरू नका.

आता सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला पट्टी वाचतो. नोंदीखाली कालव्यावरच्या कर्मचाऱ्याची सही आणि आमचीही. ती वही माझ्याकडे नसते, टेलच्या शेतकऱ्याकडे असते.